विचारा भाषेचं: पैशाचं इंग्लिश, पॅसिव्ह व्हॉइस आणि स्पॅनिश बोलणारे विद्यार्थी

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईकडून जी पत्रं आलीत ती सगळी फिरून फिरून एकाच विषयावर येतायत, म्हणून एकत्रच घेतेय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण त्यातला प्रश्न मोठा आहे आणि बऱ्याच ऑनलाइन शिकवणाऱ्यांना तो पडत असणार.

प्रश्न: ताई नमस्कार. मी घोडबंदर रोडला राहते, आधी शाळेत इंग्लिश शिकवायचे, आता घरून ऑनलाइन शिकवते. सध्याची बॅच कोलंबियाची आहे, सगळे बोगोटाचे, नोकरी करणारे. त्यांचा ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सातचा क्लास म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. हिशेबाच्या कामासाठी इंग्लिश हवंय म्हणून त्यांनी स्वतःहून दोन टॉपिक मागितले, पैशाचे शब्द आणि पॅसिव्ह व्हॉइस. मी शब्दांची यादी दिली, पॅसिव्हचा तक्ता दिला, ऍक्टिव्हचं पॅसिव्ह करा म्हणून वाक्यं दिली, ती सगळ्यांनी बरोबर केली. आणि पुढच्या क्लासला बोलायला लावलं तर 'आय बॉरोड हिम मनी', 'आय विन अ गुड सॅलरी', 'आय पेड द कॉफी', 'इज ऍक्सेप्टेड कार्ड्स'. मला स्पॅनिश येत नाही. या चुका नेमक्या कुठून येतात तेच कळत नाहीये, काय करू?
– एक शिक्षिका, ठाणे पश्चिम

उत्तर: तुमच्या विद्यार्थ्यांनी लिहिताना बरोबर केलं आणि बोलताना चुकलं, हे अगदी होणारच होतं. ऍक्टिव्हचं पॅसिव्ह करा यात शब्दांच्या जागा बदलायच्या असतात, त्यात कुणाला काही सांगायचं नसतं. बोलताना मात्र माणूस आधी आपल्या भाषेत जुळवणी करतो आणि तिथे स्पॅनिश मध्ये येतं. तुम्हाला स्पॅनिश येत नाही याची फार काळजी करू नका, कारण या विषयात मराठी आणि स्पॅनिश कितीतरी ठिकाणी एका बाजूला आहेत आणि इंग्लिश दुसऱ्या. तुमची मराठी इथे तुम्हाला फार उपयोगी पडेल, ती वापरा, हेच मला मुख्य सांगायचंय.

उसन्या पैशांचं घ्या. स्पॅनिशमध्ये उसने देणं म्हणजे 'प्रेस्तार' आणि उसने मागणं म्हणजे 'पेदिर प्रेस्तादो', म्हणजे आपल्यासारखंच, 'उसने' हा शब्द एकच आणि देणं-घेणं पुढच्या क्रियापदावर. इंग्लिशमध्ये त्याच व्यवहाराला दोन टोकांना दोन वेगळे शब्द, लेंड आणि बॉरो, एकमेकांशी काही नातं नसलेले. मराठी मीडियमची मुलंसुद्धा इथेच अडकतात, तुम्ही शाळेत पाहिलं असेलच. तेव्हा हे शब्द सुटे देऊच नका, 'लेंड टू' आणि 'बॉरो फ्रॉम' असेच द्या, आणि दोन विद्यार्थ्यांमध्ये एकच व्यवहार दोन्ही बाजूंनी बोलून घ्या, एकाने म्हणायचं 'आय लेंट फिफ्टी थाउजंड पेसोज टू हर', तिने लगेच म्हणायचं 'आय बॉरोड फिफ्टी थाउजंड पेसोज फ्रॉम हिम'. दहा मिनिटं हेच केलं तरी चालेल, यादीतले पुढचे दहा शब्द राहिले तरी चालतील.

'विन अ सॅलरी' का, तर स्पॅनिशमध्ये पगार मिळवणं आणि मॅच जिंकणं दोन्हीला एकच क्रियापद आहे, 'गानार'. तिथे अर्न आणि विन वेगळे करून द्यावे लागतात: कष्टाने येतं ते अर्न, लॉटरी, मॅच, पैज लागली तर विन. उलट सेव्हच्या बाबतीत इंग्लिश सोपं आहे आणि हे त्यांना आवर्जून सांगा, त्यांना बरं वाटतं. स्पॅनिशमध्ये पैसे साठवायला 'आओरार', कम्प्युटरवर फाइल ठेवायला 'ग्वार्दार', जीव वाचवायला 'साल्वार', इंग्लिशमध्ये तिन्हीला सेव्ह. स्पेंडचंही तसंच, आपण पैसे खर्च करतो आणि वेळ घालवतो, तेही पैशाला 'गास्तार' आणि वेळेला 'पासार' म्हणतात, इंग्लिशमध्ये दोन्ही स्पेंड.

'पेड द कॉफी' ही चूक तर त्यांच्या भाषेतून सरळ उचलून आणलेली आहे. स्पॅनिशमध्ये पैसे चुकते करण्याचं क्रियापद वस्तूलाच लागतं, कॉफी 'पे' करतात. इंग्लिशमध्ये बिल, भाडं, फी, दंड, टॅक्स हे पे करतात, दुकानदाराला पे करतात, पण जी वस्तू घेतली तिच्यासाठी पे फॉर. आपण 'कॉफीचे पैसे दिले' म्हणतो, म्हणजे आपल्याकडे वस्तू आणि पैसे यांच्यात 'चे' येतोच, त्यामुळे मराठी माणूस ही चूक कमी करतो.

आणखी काही शब्द आहेत जे दिसायला ओळखीचे आणि अर्थाने दगा देणारे. 'बियेते' म्हणजे नोट किंवा तिकीट, पण ऐकायला बिलच्या जवळ. त्यात अमेरिकेत नोटेलाही बिलच म्हणतात, ब्रिटनमध्ये नोट म्हणतात, तेव्हा विद्यार्थी कुठल्या कंपनीसाठी काम करणार ते आधी विचारून घ्या. हॉटेलचं बिल स्पॅनिशमध्ये 'क्वेन्ता', कंपनीचं इन्व्हॉइस 'फाक्तुरा', आणि बँकेचं खातं पुन्हा 'क्वेन्ता'. 'इन्तेरेस' हा व्याजाचा शब्द ते अनेकवचनातही वापरतात, म्हणून इंग्लिशमध्ये 'द बँक चार्जेस इंटरेस्ट्स' येतं, इंग्लिशमध्ये व्याज एकवचनीच. 'एकोनॉमिको' म्हणजे स्वस्त, त्यामुळे 'इकॉनॉमिक रेस्टॉरंट' असं म्हणतात, तिथे चीप किंवा इनएक्स्पेन्सिव्ह. इंग्लिशमधला चेंज म्हणजे सुट्टे पैसेही आणि परत मिळालेले पैसेही. आपण 'सुट्टे आहेत का' आणि 'वरचे पैसे परत द्या' असं वेगळं म्हणतो, बोगोटात परत मिळालेल्या पैशांना 'ब्वेल्तास' म्हणतात, म्हणजे तेही दोन्ही वेगळं धरतात. हे सगळं एका दिवशी देऊ नका, व्यवहाराचा प्रसंग येईल तसतसं द्या.

आता पॅसिव्ह. 'इज ऍक्सेप्टेड कार्ड्स' हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं कारण त्यातच सगळं आहे. तिकडच्या दुकानांवर पाटी असते 'से आसेप्तान तारहेतास', म्हणजे कार्ड घेतली जातात. त्यात सुरुवातीला 'से' येतो, मग क्रियापद, मग कार्ड. कोण घेतं त्याचा पत्ता नाही. आता घोडबंदर रोडला खाली उतरून बघा, इमारतींच्या गेटवर काय लिहिलेलं असतं: 'फ्लॅट भाड्याने देणे आहे', 'दुकान विकणे आहे', चावीवाल्याकडे 'येथे चाव्या बनवून मिळतील'. देणारा कोण, बनवणारा कोण, कुठेच नाही आणि कुणाला अडतही नाही. बोगोटात घर भाड्याने द्यायचं असेल तर पाटी 'से आर्येन्दा', विकायचं असेल तर 'से बेन्दे'. स्पेनमध्ये भाड्याला 'से आल्किला' आणि मेक्सिकोत 'से रेन्ता', शब्द बदलतो, 'से' तोच. तर तुमच्या विद्यार्थ्याला करणारा गाळून बोलणं चांगलंच येतं, रोज तो तेच करतो. त्याला फक्त एवढं कळायला हवं की इंग्लिशमध्ये वाक्याच्या सुरुवातीला कुणीतरी बसावंच लागतं, कार्ड तर कार्ड. आधी कार्ड्स, मग आर, मग ऍक्सेप्टेड. पाट्यांचे फोटो त्यांच्याकडूनच मागवा, ऑफिसमधून घरी जाताना काढतील, आणि त्या पाट्या इंग्लिशमध्ये करून घ्या. भाड्याच्या आणि विक्रीच्या पाटीला मात्र इंग्लिशमध्ये पॅसिव्ह लागतच नाही, 'फॉर रेंट', 'फॉर सेल' संपलं, हे सांगायला विसरू नका नाहीतर 'इज सोल्ड हाउस' होईल.

दुसरी गाठ म्हणजे इंग्लिशच्या एका रूपात दोन अर्थ. स्पॅनिशमध्ये 'असणे'ला दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. 'फाक्तुरा' भरलं गेलं, ही घटना सांगायची तर सेर, 'फ्वे पागादा'. ते भरलेलं आहे, आता काही बाकी नाही, ही स्थिती सांगायची तर एस्तार, 'एस्ता पागादा'. आपल्या मराठीत हा फरक अगदी तसाच आहे: 'बिल भरलं गेलं' आणि 'बिल भरलेलं आहे'. इंग्लिशमध्ये 'द बिल इज पेड' म्हटलं तर भरलेलं आहे असाही अर्थ होतो आणि दर महिन्याला भरलं जातं असाही. म्हणून हिशेबाच्या कामात विद्यार्थ्याला 'हॅज बीन पेड' आधी शिकवा, तिथे गोंधळ नाही, भरलं आणि झालं. तक्त्यात हे रूप शेवटी येतं, ऑफिसच्या मेलमध्ये ते पहिल्या दिवसापासून लागतं.

तिसरी गोष्ट मात्र मराठीलाही नवीन आहे आणि म्हणून तिच्यावर वेळ घालवा. इंग्लिशमध्ये ज्याला पैसे दिले तो माणूसही पॅसिव्हचा कर्ता होऊ शकतो: 'आय वॉज गिव्हन अ डिस्काउंट', 'आय वॉज चार्ज्ड ट्वाइस', 'शी वॉज पेड लेट'. स्पॅनिशमध्ये हे असं होतच नाही. तिथे म्हणतात 'मे द्येरॉन', 'मे कोब्रारॉन', म्हणजे मला दिलं, माझ्याकडून घेतलं, कोणी ते अध्याहृत. आपणही 'मला डिस्काउंट दिला', 'माझ्याकडून दोनदा पैसे घेतले' असंच म्हणतो. तर विद्यार्थ्याला सांगायचं की तुझ्या भाषेत वाक्य 'मे' ने सुरू होऊन पुढे क्रियापद 'त्यांनी'चं आलं आणि ते 'त्यांनी' कोण हे तुला माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल, तर इंग्लिशमध्ये 'आय वॉज' पासून सुरू कर. हा एक नियम पक्का झाला की बाकीचा अर्धा पॅसिव्ह आपोआप सुटतो, मी माझ्या विद्यार्थ्यांत हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. यातलंच मला सगळ्यात आवडणारं वाक्य 'आय ॲम ओड थ्री मंथ्स सॅलरी', म्हणजे मला तीन महिन्यांचा पगार येणं आहे. स्पॅनिशवाला म्हणेल 'मे देबेन', ते माझं देणं लागतात. आपल्याकडे येणं आणि देणं हे दोन शब्द किती नेमके आहेत बघा, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला हे वाक्य इंग्लिशमध्ये म्हणता यायलाच हवं, त्याच्या हक्काचा प्रश्न आहे.

क्लासमध्ये काय करायचं म्हणाल तर नोट समोर धरा, खरी नोट. कोलंबियाच्या पन्नास हजार पेसोंच्या नोटेवर लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं चित्र आहे, प्रत्येकाच्या पाकिटात सापडेल. त्यांना 1982 साली साहित्याचं नोबेल मिळालं. 'ही वॉज अवॉर्डेड द नोबेल प्राइझ इन नाइन्टीन एटी टू', बघा, ज्याला दिलं तो कर्ता, आत्ता वर जे सांगितलं तेच. मग तुमची नोट दाखवा. आपल्या वीसच्या नोटेवर मागे वेरूळची लेणी आहेत. 'नोट्स आर प्रिंटेड इन नाशिक', 'कॉइन्स आर मिंटेड इन मुंबई', फोर्टातल्या टांकसाळीत. 'ओल्ड नोट्स वेअर विथड्रॉन इन 2016', 'टू थाउजंड रुपी नोट्स वेअर विथड्रॉन फ्रॉम सर्क्युलेशन इन 2023'. एका नोटेवर प्रेझेंट पॅसिव्ह, पास्ट पॅसिव्ह, चित्र कोणाचं आहे, कशाची किंमत किती, सगळं निघतं आणि विद्यार्थी तुम्हाला काहीतरी सांगायला लागतो, कारण ती नोट त्याची आहे. 'बाय' लावायची घाई करू नका. खऱ्या लिखाणात बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत 'बाय' नसतोच, नोट कोणी छापली हे कुणी विचारत नाही.

क्रियापदांची तिसरी रूपं मात्र पाठच करून घ्या, त्याला इलाज नाही. लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट, सेंड-सेंट एका चालीवर जातात. पे-पेड, सेल-सोल्ड, बाय-बॉट, लूज-लॉस्ट वेगळी. कॉस्ट तिन्ही रूपांत कॉस्टच, आणि 'इतके रुपये पडले' या अर्थाने त्याचा पॅसिव्ह होत नाही, 'वॉज कॉस्टेड बाय मी' कुणी लिहिलं तर लगेच थांबवा. स्पॅनिशमध्ये आणि मराठीतही हे रूप लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, बिल भरलं गेलं, बिलं भरली गेली, फी भरली गेली. इंग्लिशमध्ये पेड तसाच राहतो आणि फक्त इज-आर, वॉज-वेअर बदलतं. हे ऐकून ते सुटकेचा श्वास टाकतात.

उच्चाराचं थोडंसं. ते 'स्पेंड'ला 'एस्पेंड' म्हणतील, आपल्याकडे काही जण 'इस्कूल' म्हणतात तसंच, ते कळतं, मागे लागू नका. पण कर्जाच्या 'डेट' मधला बी आणि 'रिसीट' मधला पी ते उच्चारतात, तो काढायला लावा कारण ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. आणि फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी यावर जोर द्या. फोनवर पैशाचा आकडा चुकला तर मग व्याकरण कितीही चांगलं असो. टीनवर शेवटी जोर आणि लांब 'ई', टीवर पहिल्या भागावर जोर, आणि तरीही शंका वाटली तर 'वन फाइव्ह की फाइव्ह झीरो' असं विचारायची सवय लावा.

प्रश्न: मॅडम, मी ऐरोलीच्या आयटी पार्कात अकाउंट्स पेयेबलला आहे, रात्रीची शिफ्ट. आमचे व्हेंडर स्पेन, मेक्सिको, चिलीचे. त्यांची इन्व्हॉइसं इंग्लिशमध्ये असतात पण आकडे वाचताना भीती वाटते. 1.500 म्हणजे दीड की दीड हजार? एका रिपोर्टमध्ये बिलियन होतं आणि तिकडच्या माणसाचा आकडा आणि आमचा आकडा जुळेचना. शिवाय आमचे टीम लीड म्हणतात मेलमध्ये पॅसिव्ह लिहू नका. पण मग 'युवर इन्व्हॉइस हॅज बीन रिसीव्हड' हे कसं लिहायचं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: देश कुठला ते आधी बघायचं, भाषा एक असली तरी आकडे लिहायची पद्धत एक नाही. स्पेन, चिली, कोलंबिया, अर्जेंटिना इथे हजारांना टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, म्हणजे तिथला 1.500 दीड हजार आणि 1.500,75 म्हणजे दीड हजार आणि वर पंचाहत्तर शतांश. मेक्सिको अमेरिकेसारखं लिहितं, हजारांना स्वल्पविराम आणि दशांशाला टिंब. तुम्ही त्यांना मेल लिहाल तेव्हा आपल्या पद्धतीने 15,00,000 असं कधी लिहू नका, त्यांना ते टायपिंगची चूक वाटते. लाख-कोटी तर नाहीच.

बिलियनचा घोळ खराखुरा आहे. इंग्लिश बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे त्याच्या हजारपट, आपले लाख कोटी, म्हणजे इंग्लिशचा ट्रिलियन. इंग्लिश बिलियनला ते 'मिल मियोनेस' म्हणतात, हजार दशलक्ष. ब्रिटनमध्येसुद्धा पूर्वी बिलियन म्हणजे लाख कोटीच होतं, 1974 साली सरकारने आकडेवारीसाठी अमेरिकेचा अर्थ घेतला. तेव्हा तिकडच्या माणसाने बोलताना बिलियन म्हटलं की मिलियनमध्ये आकडा विचारून घ्या, दोघांनाही तो एकच कळतो.

डॉलरच्या चिन्हाचंही सांगते. मेक्सिको, चिली, कोलंबिया, अर्जेंटिना यांचे पेसो त्याच चिन्हाने लिहितात, म्हणून नुसतं चिन्ह बघून डॉलर धरू नका, तीन अक्षरी कोड बघा, एमएक्सएन, सीएलपी, सीओपी, एआरएस. इक्वेडोर 2000 पासून आणि एल साल्वादोर 2001 पासून खरोखरच अमेरिकन डॉलर वापरतात, तिथे डॉलर म्हणजे डॉलरच.

टीम लीडचं म्हणणं मला अर्धं पटतं. इन्व्हॉइस तीन तारखेला मिळालं, पाच तारखेला मंजूर झालं, बारा तारखेला दिलं जाईल, या सगळ्यात कोणी उघडलं, कोणी सही केली याचं व्हेंडरला काही देणंघेणं नाही, त्याला त्याचं बिल कुठपर्यंत आलंय ते हवंय. तिथे 'वॉज रिसीव्हड', 'वॉज अप्रूव्हड', 'विल बी पेड' हेच बरोबर आहे, आणि स्पॅनिशवाल्याला ते वाचायला सोपंही जातं. पण पैसे अडकलेत आणि तो तिसऱ्यांदा मेल करतोय, तेव्हा 'द पेमेंट हॅज बीन डिलेड' असं लिहिणं मला चुकीचं वाटतं. त्याचा पैसा आहे, त्याला कोण काय करणार आणि कधी हे नावानिशी कळायला हवं. 'वुई मिस्ड द अप्रूव्हल, अवर टीम विल रिलीज द पेमेंट ऑन फ्रायडे' असं सरळ लिहा. पैसे उशिरा देतोय आणि वर वाक्यातून स्वतःला काढून घेतोय, हे समोरच्याला लगेच कळतं, तो कुठल्याही देशाचा असो.

प्रश्न: ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, खारघरला असतो. मुलगा माद्रिदला, सून स्पॅनिश आहे. ती इंग्लिश शिकतेय आणि व्हिडिओ कॉलवर मला बँकेच्या पत्रांमधलं इंग्लिश विचारते, कारण तिला वाटतं सासऱ्यांना हे येणारच. आम्ही जन्मभर पॅसिव्हमध्ये पत्रं लिहिली पण का तसं लिहायचं ते कधी कुणी सांगितलं नाही, तर तिला काय सांगू? आणि परवा ती म्हणाली 'आय हॅव टू डू द रेंट', मी म्हटलं घर तर तुमचं स्वतःचं आहे. शिवाय या वयात थोडं स्पॅनिश शिकावं म्हणतो, जमेल का?
– एक ज्येष्ठ वाचक, खारघर

उत्तर: काका, सूनबाई तुम्हाला विचारते हे वाचून फार छान वाटलं. आधी रेंटचं. स्पेनमध्ये 'रेन्ता' म्हणजे उत्पन्न, आणि 'ला रेन्ता' करणं म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न भरणं. तिकडे ते वसंतात, एप्रिल ते जूनमध्ये भरतात. ती घरभाडं म्हणत नव्हती, रिटर्न म्हणत होती. इंग्लिशमध्ये 'फाइल माय टॅक्स रिटर्न'. तसंच ती कधी 'नोमिना' म्हणाली तर ती पगारपत्रक म्हणतेय, आणि 'साल्दो' म्हणजे खात्यातली शिल्लक, इंग्लिशमध्ये बॅलन्स. क्रेदितो, देबितो तर तुम्हाला सांगायलाच नको.

पत्रातल्या पॅसिव्हचं तिला मराठीवरून सांगा. आपल्या सरकारी आणि बँकेच्या मराठीत 'आपणांस कळविण्यात येते की', 'दंड आकारण्यात येईल', 'अर्ज नाकारण्यात आला आहे' हे 'ण्यात येणे' प्रकरण आहे ना, तेच इंग्लिशमध्ये 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड', 'अ पेनल्टी विल बी चार्ज्ड', 'द ऍप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड'. आणि तेच तिच्या स्पॅनिशमध्ये 'से ले इन्फोर्मा'. तिला तिच्याच बँकेचं एखादं स्पॅनिश पत्र काढायला सांगा, त्यात जिथे जिथे 'से' दिसेल तिथे रेघ मारायला लावा, मग तीच वाक्यं इंग्लिशमध्ये दोघं मिळून करा. का लिहितात तर पत्र संस्थेचं असतं, सही करणारा साहेब बदलला तरी निर्णय तोच राहतो, म्हणून माणूस बाहेर ठेवतात. पण सुनेला घरच्या किंवा ओळखीच्या माणसाशी बोलताना ही भाषा नको हेही सांगा. 'आय गेट पेड ऑन द फिफ्थ', 'आय गॉट चार्ज्ड एक्स्ट्रा' असं गेट लावून जे म्हणतात ते बोलण्यातलं पॅसिव्ह आहे, पत्रांत ते फारसं दिसत नाही म्हणून तुमच्या नजरेला आलं नसेल, पण तिला रोज ऐकू येणार.

स्पॅनिश नक्की शिका. उच्चार आपल्याला सोपे जातात, जसं लिहितात जवळजवळ तसंच वाचतात. स्पेन सरकारची इन्स्टिट्यूटो सर्वांतेस ही संस्था 1991 साली सुरू झाली, तिचं भारतातलं केंद्र दिल्लीत आहे, आणि डेले नावाची परीक्षा असते, ए वन ते सी टू अशा सहा पायऱ्या. परीक्षा द्यायची गरज नाही पण पायऱ्या कळल्या की पुस्तक निवडणं सोपं जातं. आणि तुमच्याकडे तर घरातच शिक्षिका आहे, आठवड्यातून एक कॉल अर्धा तुमच्या स्पॅनिशचा आणि अर्धा तिच्या इंग्लिशचा ठेवा.

प्रश्न: ताई मी दहावीला आहे, मराठी मीडियम. चेंज द व्हॉइसमध्ये मार्क जातात. आणि सर म्हणतात 'आय बॉर्न इन नेरूळ' चूक आहे, का?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर: कारण मराठीत आपण 'माझा जन्म झाला' म्हणतो, इंग्लिशमध्ये आईने जन्म दिला हे धरून पॅसिव्हच म्हणतात, 'आय वॉज बॉर्न'. स्पॅनिश बोलणारी मुलंही हीच चूक करतात, त्यांच्याकडे 'नासी' हे एकच ऍक्टिव्ह क्रियापद आहे, तेव्हा तू काही एकटी नाहीस. चेंज द व्हॉइस सोडवताना आधी दिलेल्या वाक्याचा काळ बाजूला पेन्सिलने लिही, मग तोच काळ 'बी'ला लाव, मग तिसरं रूप. 'पे'ला एस लागून पेज असेल तर इज पेड, पेड असेल तर वॉज किंवा वेअर पेड, इज पेइंग असेल तर इज बीइंग पेड, हॅज पेड असेल तर हॅज बीन पेड. बीइंग आणि बीन इथेच मार्क जातात, बाकी कुठे नाही. घरी कुणाच्याही फोनवर बँकेचे मेसेज येतात ना, 'अकाउंट डेबिटेड' वगैरे, त्यात हेल्पिंग व्हर्ब गाळलेलं असतं, रोज दोन मेसेज घेऊन ते पूर्ण वाक्य करून वहीत लिही, 'द अकाउंट हॅज बीन डेबिटेड'. आणि पहिल्या पत्राच्या उत्तरात मी 'बाय'ची घाई नको म्हटलंय ते बोलण्यासाठी आहे. पेपरात वाक्याला कर्ता दिलेला असेल तर 'बाय' लावून तो शेवटी लिहीच, गाळू नकोस. फक्त कर्ता समवन किंवा पीपल असा असेल तेव्हा गाळला तरी चालतो.